सावळ्या कातडीला कर्करोग होत नाही? चार दावे, चार उत्तरं

उन्हाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर फिरू लागतो: ‘आपल्या सावळ्या कातडीला कर्करोग होत नाही, तो गोऱ्यांचा आजार. सनस्क्रीननेच कर्करोग होतो. खोबरेल लावा आणि बिनधास्त उन्हात जा. तीळ-मस कापू नका, रोग अंगभर पसरतो.’ यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, आणि नुकसान सगळ्यात जास्त त्यानेच होतं.

कातडीतलं रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, उन्हातले अतिनील किरण बऱ्यापैकी अडवतं. त्यामुळे भारतात त्वचेचा कर्करोग युरोप-ऑस्ट्रेलियापेक्षा खूपच कमी आढळतो. पण आपल्याकडे तो बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी निघतो आणि तिथे कुणी बघत नाही. सावळ्या लोकांतला मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, तळपाय, तळहात आणि नखाखाली जास्त सापडतो. गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला तो याच रोगाने, आणि त्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. दुसरा प्रकार, कातडीच्या वरच्या थरातल्या स्क्वॅमस पेशींचा कर्करोग, भाजल्याच्या जुन्या व्रणात किंवा वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेत होतो. करकचून बांधलेल्या धोतराच्या काचामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ व. रा. खानोलकर यांनी १९४५ मध्येच केली होती. परकराच्या नाडीखालीही तेच घडतं: कातडी आधी काळवंडते, मग सालपटं निघतात, मग चीर पडते आणि ती भरत नाही. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा आणि गाठीची जागा बदलत राहावी.

म्हणून महिन्यातून एकदा, भरपूर उजेडात, तळपाय, बोटांच्या बेचक्या, कंबर, जुने व्रण आणि खालचा ओठ पाहा. नेलपॉलिश काढून नखंही पाहा. बऱ्याच नखांवर फिकट, सरळ उभ्या रेघा असतील तर सावळ्या माणसात ते सहसा नेहमीचंच असतं. एकाच नखात नव्याने आलेली, रुंदावत जाणारी काळी रेघ, आणि काळेपणा नखालगतच्या कातडीवर उतरलेला, हे मात्र लगेच दाखवायचं. मार लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं. कर्करोगाची रेघ मात्र मुळापासून टोकापर्यंत तशीच राहते. तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून ब्लेडने तासू नका. चेहऱ्यावरची चकचकीत कडेची काळपट गाठ, जिची खपली पडते आणि पुन्हा धरते, ती तीळ नसू शकते. चार आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी.

आता सनस्क्रीन. २०२१ मध्ये अमेरिकेत काही स्प्रे परत मागवले गेले, कारण त्यांत बेन्झीन सापडलं. ती अशुद्धी होती, सनस्क्रीनचा घटक नव्हे. उलट ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं सोळाशेवर लोकांवर चाचणी झाली. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वॅमस कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्के कमी निघाल्या. ते लोक बहुतेक गोरे होते, त्यामुळे तेवढाच फायदा सावळ्यांना होतो असं आम्ही म्हणणार नाही. शेतात किंवा होडीवर दिवस काढणाऱ्याला पूर्ण बाहीचा सुती सदरा आणि रुंद कडेची टोपी जास्त उपयोगी. मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना आणि जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांना मात्र सनस्क्रीन हवंच: एसपीएफ (डबीवरचा संरक्षणाचा आकडा) ३० किंवा अधिक, चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. थोडंसं चोपडलं तर डबीवरच्या आकड्याइतकं संरक्षण मिळत नाही.

खोबरेलाने कातडी मऊ राहते. अतिनील किरण अडवायला ते पुरत नाही.

तीळ-मस कापल्याने किंवा तपासणीसाठी तुकडा काढल्याने (बायोप्सीने) कर्करोग पसरतो, ही भीती सगळ्यात खोल रुजलेली. बायोप्सीने तो पसरत नाही. उशिरा आलेल्या रुग्णात तो आधीच लसिकाग्रंथींत पोचलेला असतो आणि दोष बायोप्सीला मिळतो. मेलॅनोमाची शंका असेल तर जागा बधिर करून, शक्य असेल तिथे सबंध डाग १ ते ३ मिलिमीटर कडेसह काढतात, कारण उपचार मेलॅनोमाच्या जाडीवर ठरतात. एक मिलिमीटरहून पातळ असतानाच निघाला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. घात होतो तो चुना लावण्याने, घोड्याचा केस बांधून मस पाडण्याने, पार्लरमध्ये जाळून घेण्याने: मग तपासायला काही उरत नाही. डॉक्टरांनी काढलेला तीळ किंवा मस पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा आणि रिपोर्ट हातात घ्या.