गावी जा म्हणता, गाव कुठलं तेही सांगा

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय, मला तीन जणांकडून आला, त्यात एक माझा मावसभाऊ. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. मुंबई बाहेरच्यांनी बांधली, मराठी माणसाने फक्त नोकरी केली. मुंबईत माणुसकी नाही. महाराष्ट्र म्हणजे मुंबई, बाकीचं राज्य तिच्या जिवावर जगतं. आणि शेवटी, ज्यांना मुंबई झेपत नाही त्यांनी रडत बसू नये, गावी जावं. मावसभावाने खाली लिहिलंय, "कडू आहे पण खरं आहे". कडू बोलायला माझी हरकत नाही, मुंबईला माझ्याइतक्या शिव्या आमच्या घरात कोणी देत नाही, पण हे खरं नाहीये म्हणून लिहितेय.

पहिला मुद्दा. पारशी, गुजराती शेठ लोकांनी पैसा घातला हे कोण नाकारतंय? पण १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ती रेल्वे इथे यावी म्हणून जमशेटजी जीजीभॉय यांच्या जोडीने झटणारे नाना शंकरशेट मुरबाडचे. १९३१ ला शाई बनवून कॅम्लिन सुरू करणारे दांडेकर बंधू मराठी. पण मला मोठ्या नावांपेक्षा माझ्या आजीचं सांगायचंय. परळला चाळीत दहा बाय बाराची खोली, त्यात आजोबा, पाच पोरं आणि आजीची खानावळ. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे एकटे राहणारे गिरणी कामगार दोन वेळचं जेवायला यायचे, पहिल्या पाळीवाल्यांसाठी आजी पहाटे साडेतीनला उठून भाकऱ्या थापायला बसायची, एका हाताने भाकरी आणि दुसऱ्या हाताने पोराला थोपटायची असं आई अजून सांगते. आजीला लिहिता येत नव्हतं म्हणून कोण किती दिवस जेवला ते भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडलेलं असायचं आणि पगाराच्या दिवशी त्या रेघा मोजून पैसे. किराणा उधारीवर, उधारी फेडायला मंगळसूत्र गहाण. गिरणगावात अशा कितीतरी बायका होत्या, प्रेमाताई पुरव यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच, सावकाराच्या तावडीतून सुटून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आता मला सांगा, उधारीवर माल उचलून, रोज तीसेक माणसांना जेवू घालून पाच पोरं वाढवणं याला धंदा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? हिशोब भिंतीवर होता म्हणून तो कुठल्या पुस्तकात गेला नाही एवढंच.

दुसरं, माणुसकी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मी कॉलेजात होते, कलिन्याला कमरेपर्यंत पाण्यात अडकले. एका घरातल्या काकूंनी हाक मारून वर घेतलं, मुलीचा ड्रेस दिला, गरम डाळभात दिला, आणि त्या रात्री त्यांच्या घरात माझ्यासारखी अकरा माणसं झोपली होती, एकही ओळखीचं नाही. रोजचं बघायचं तर लेडीज डब्यात या. चढल्या चढल्या बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" विचारायचं, ती "कुर्ला" म्हणाली की कुर्ल्याला ती सीट तुमची, फक्त शब्दावर, आणि मध्येच कोणी बसायला गेली तर अख्खा डबा तुमच्या बाजूने बोलतो.

पण मला याचं कौतुक करून थांबायचं नाहीये. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगरून २३ माणसं गेली, ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, आणि दरवेळी दुसऱ्या दिवशी पेपरात मुंबईचं स्पिरिट येतं. मी पण दुसऱ्या दिवशी गेले कामावर. ते स्पिरिट नव्हतं, खाडा झाला की पगार कापतात. पूल रुंद करायचा सोडून लोकांच्या सोशिकपणाचं कौतुक केलं की मला राग येतो, आणि लोकांना माणुसकी नाही म्हटलं की त्याहून जास्त येतो.

तिसरा मुद्दा थोडक्यात, कारण नळ उघडला की उत्तर मिळतं. विहार आणि तुळशी सोडले तर मुंबईचे बाकी पाच तलाव मुंबईबाहेर आहेत, अप्पर वैतरणा तर पार नाशिक जिल्ह्यात. महापालिका रोज ३८० कोटी लिटरच्या वर पाणी देते, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. भातसा आणि तानसा दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघत बायका हंडे घेऊन उभ्या असतात. कोण कोणाच्या जिवावर जगतंय ते त्यांच्यासमोर उभं राहून सांगा.

राहिलं गावी जा. मेसेजमध्ये असंही आहे की मुंबईत मराठी माणूस उरलाच नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषेचे ४४ लाख होते, हिंदीचे ३६ लाखांच्या आसपास, म्हणजे सगळ्यात जास्त मराठीच. पण २००१ ला ४५ लाख होते, ते कमी झाले हे खरंय, आणि ते का गेले ते कोणी बोलत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आजोबा परत कधी गिरणीत गेले नाहीत. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले आणि त्या टॉवरमधला एक फ्लॅट घ्यायला आमच्या तीन पिढ्यांची कमाई पुरणार नाही. कामगारांची पोरं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली ती झेपत नव्हतं म्हणून नाही, परवडत नव्हतं म्हणून. आम्हीही बदलापूरला गेलो, पण त्याआधी वर्षभर मुंबईत भाड्याने घर बघितलं, एका सोसायटीत सगळं ठरत आलं होतं आणि मग विचारलं, मासे खाता का? कोळ्यांच्या मुंबादेवीचं नाव असलेल्या शहरात मी मासे खाते म्हणून मला घर नाही. त्या दिवशी जिना उतरताना मी नवऱ्याला म्हटलं होतं, नको हे शहर.

तरी रोज पहाटे बदलापूरहून गाडी पकडून मी त्याच शहरात येते. माझा जन्म परळचा, आईचा पण परळचा. संगमेश्वरला आमचं घर आहे, मे महिन्यात आणि गणपतीला जातो, तिथे आम्हाला मुंबईवाले म्हणतात, पाहुण्यासारखं वागवतात. आणि इथे डब्यात कोणी विचारलं घर कुठे, तर बदलापूरला सोळा वर्षं झाली तरी माझ्या तोंडून आधी परळच निघतं.