नळी फाटली होती, आणि मला अख्खं मॅनिफोल्ड बदलायला सांगत होते

आज सकाळचे साडेतीन तास बोनेटखाली वाकून गेले. मनगटाची साल निघाली, पाठ धरली, आणि शेवटी हातात काय आलं तर करंगळीच्या पेराएवढा एक रबरी एल्बो, म्हणजे नळीचा वाकडा जोड. फाटका. एवढ्याशा तुकड्यापायी महिनाभर मला अख्खं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा सगळा भाग, बदला म्हणून सांगत होते. डोकं नुसतं भणभणतंय.

पी२००४. इंजिनाचा दिवा लागला की स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड. हा कोड ज्यांच्या नशिबी आलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. रनर कंट्रोल, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या हवेच्या वाटा झाकणारे फ्लॅप, उघडं अडकलंय, बँक १ (सिलिंडरांची पहिली ओळ). अहो, चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाला बँक असते एकच, ती कशाला सांगता? आणि 'अडकलंय' हे कशावरून? ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळतं ते इतकंच की फ्लॅपला बंद व्हायला सांगितलं आणि पोझिशन सेन्सर म्हणतोय झाले नाहीत. फ्लॅप खरंच जॅम आहेत, की त्यांना ओढायला व्हॅक्यूमच, म्हणजे इंजिनाची शोषून घेणारी ओढच, पोचत नाही, की सेन्सरच चुकीचं सांगतोय, हे कोडमध्ये नसतं. ते माणसानं हात घालून बघायचं असतं.

त्या वर्कशॉपमधल्या माणसानं स्कॅनर लावला आणि बोनेट उघडायच्या आत निकाल दिला, "मॅडम, सोलेनॉइड गेलाय." व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह तो. बदलला. दिवा विझला, दोन दिवसांनी परत लागला. परत गेले तर म्हणे, "आतले फ्लॅप जॅम आहेत, मॅनिफोल्डच टाकावं लागेल." फ्लॅप फिरवणारा रॉड हलवून बघितलात का, विचारलं. तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याची परीक्षा घ्यायला आलेय. "घरात कोणी असेल तर त्यांना फोन द्या, त्यांना समजावतो." गाडी माझी, चालवते मी, बिल भरते मी, आणि समजावणार दुसऱ्या कुणाला तरी!

गाडी बिचारी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती. थांबून उचलताना मेल्यासारखी, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दम नाही, आणि ३००० आरपीएमच्या पुढे गेली की एकदम मोकळी. याहून स्पष्ट काय सांगायचं तिनं? प्रत्येक सिलिंडरला हवेच्या दोन वाटा. इंजिन हळू फिरत असताना एक वाट फ्लॅपनं झाकायची, म्हणजे उरलेल्या वाटेनं हवा जोरात शिरते, आत गरगरते, पेट्रोल नीट मिसळतं. वेग वाढला की दोन्ही वाटा उघड्या. माझ्या गाडीत व्हॅक्यूम ओढतो तेव्हा फ्लॅप बंद होतात, व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग त्यांना उघडे ठेवते. खाली मेलेली आणि वर ठणठणीत, म्हणजे फ्लॅप उघडेच राहतायत. मग आधी व्हॅक्यूम तपासायचा की थेट मॅनिफोल्ड टाकायचं?

शेवटी ठरवलं, स्वतः बघायचं. तर तो अ‍ॅक्च्युएटर सापडेना! व्हॅक्यूमनं रॉड ओढून फ्लॅप हलवणारी डबी ती. मॅन्युअलमध्ये एक ओळ, 'मॅनिफोल्डच्या मागील बाजूस'. मागील बाजूस म्हणजे इंजिन आणि फायरवॉल (केबिनसमोरचा पत्रा) यांच्यामधली ती फट, जिथे हात जातो तर डोळा जात नाही. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढा, एअर फिल्टरची नळी काढा, एक ब्रॅकेट सोडवा, मग मोबाइल उलटा धरून आत सारायचा आणि आंधळेपणानं फोटो काढत बसायचं. तेराव्या फोटोत ती काळी डबी दिसली. बिघडणारी वस्तू अशी लपवून ठेवणाऱ्या डिझायनरला एकदा तरी स्वतःच्या हातानं ती काढायला लावली पाहिजे. कनेक्टरची क्लिपही तशीच, उष्णतेनं बिस्किटासारखी झालेली, दाबली की तुटलीच. आणि १० चा सॉकेट खाली पडला तो इंजिनाखालच्या पत्र्यात गेला, अजून तिथेच आहे.

असो. अ‍ॅक्च्युएटरला हाताचा व्हॅक्यूम पंप लावला, २० इंचांपर्यंत ओढला. पंपाचा काटा तिथून खाली आला नाही, म्हणजे आतला रबरी पडदा, डायफ्रॅम, ठीक. रॉड पूर्ण आत गेला, फ्लॅप बसल्याचा टक् आवाज आला. सोडलं, तर झटकन परत. कसले जॅम न् कसलं काय! तिथेच माझा पारा चढला. मग इंजिन चालू करून सोलेनॉइडकडे येणारी नळी काढली आणि तोंडावर बोट ठेवलं. आयडलला तिथे बोट चिकटायला हवं. काहीच नाही. नळी चाचपत मॅनिफोल्डपर्यंत गेले, आणि टोकाला हा एल्बो. तेलकट वाफेनं मऊ, फुगीर झालेला. सरळ धरला तर धडधाकट दिसतो. वाकवला की वळणाच्या आतल्या बाजूची चीर उघडते, नखभर लांब.

या दिव्यापायी गेल्या वर्षी दुसऱ्या एका गॅरेजनं थ्रॉटल बॉडी साफ केली होती, ऑक्सिजन सेन्सर बदलला होता. कोड वेगळा होता, पण पद्धत हीच. एकानं तर नुसता कोड उडवून दिला आणि 'झालं' म्हणाला. कोड उडवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे हो! आणि त्या रॉडच्या टोकाची प्लॅस्टिकची वाटी झिजली तर ती म्हणे सुटी मिळत नाही, पूर्ण मॅनिफोल्डच घ्या. एवढ्याशा वाटीसाठी!

जॅम होतच नाहीत असं मी म्हणत नाही. ईजीआरची (परत आत सोडलेल्या धुराची) काजळी आणि क्रँककेसमधून, इंजिनाच्या खालच्या भागातून, येणारं तेल मिळून असा चिकट थर बसतो की फ्लॅप खरंच हलत नाहीत. तेव्हा मॅनिफोल्ड उतरवावंच लागतं. पण आधी पंप लावा, बोट ठेवा, नळी वाकवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि वर्कशॉपमध्ये तर लिफ्ट आहे, दिवा आहे, सगळी अवजारं आहेत.

नवी नळी बसवली. दुपारी त्याच चढावर दुसऱ्या गिअरमध्ये १५०० वरून उचलली, गेली सरळ वर. दिवा नाही.

उद्या हा फाटका एल्बो नेऊन त्यांच्या काउंटरवर ठेवणार आहे. माझा जुना सोलेनॉइडही त्यांनी परत दिलेला नाही. तो मागणार आहे, आणि तो खरंच गेला होता का ते बघायला मल्टिमीटर बरोबर नेणार आहे.