तो फोटोसुद्धा गीता दत्तचा नाही

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर आला. वर 'प्रत्येक आईबापाने वाचावे', खाली पाच जोडलेले हात आणि मध्ये एका दागिने घातलेल्या बाईचा फोटो, हातात पेला. सार असा: जुन्या हिंदी सिनेमातली गायिका गीता दत्त ही मुळात एक गरीब पोरगी होती. सिनेमा दिग्दर्शक गुरुदत्तनं तिला रस्त्यावरून उचलून गायिका केलं. तिनं दारूपायी त्याचं घर बुडवलं, संशयापायी त्याला खाल्लं. 'वक्त ने किया' हे गाणं स्वतः लिहून नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. मग गळा गेला, लेकरं वाऱ्यावर सोडली आणि शेवटी मुंबईच्या फुटपाथवर बेवारस मेली. तेव्हा मुलींना गाण्याबजावण्याच्या नादी लावू नका.

शेवटचं वाक्य नसतं तर मी गप्प बसले असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून ग्रुपवरच्या गोष्टी दुरुस्त करणं मी सोडलं आहे. कांद्यानं शुगर उतरते म्हणणाऱ्यांना कुठवर पुरणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची बाई दारात उभी. तिची पोट्टी नववीत आहे. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला पहिली ओळ तीच उचलते, खंजिरीवाले आजोबा तिच्या मागून येतात. गणपतीत ती एकटी गाणार होती.

"मॅडम, ते मोबाइलात आलं ते खरं हाय का वो? तिचे बाबा नाई म्हनते आता."

तिला तेव्हा दारातच जे सांगितलं ते तुटक होतं. इथं नीट लिहिते.

आधी फोटो. तो गीता दत्तचा नाहीच. तो मीना कुमारीचा आहे, 'साहिब बीबी और गुलाम' या १९६२ च्या चित्रपटातला. बिमल मित्र यांच्या बंगाली कादंबरीवरचा चित्रपट, निर्मिती गुरुदत्तची. मीना कुमारी त्यात जमीनदाराच्या घरातली छोटी बहू आहे. नवरा रात्री कोठ्यावर जातो. आपण पेला हातात घेतला तर तो घरी थांबेल, या एका आशेवर ती दारूला तोंड लावते आणि पुढे दारूच तिला धरून बसते. म्हणजे फोटोतली बाई अभिनय करते आहे. गंमत अशी की त्याच चित्रपटात नवऱ्याला थांबवायला ती जे गाणं म्हणते, 'न जाओ सैंया', त्याला आवाज गीता दत्तचा आहे. चेहरा एकीचा, भूमिका दुसरीची, आवाज तिसरीचा. ज्यानं मजकूर रचला त्यानं तिघींचं एकच गाठोडं बांधलं आणि वर चिठ्ठी लावली: दारुडी.

या दोघी एकाच वर्षी गेल्या. मीना कुमारी ३१ मार्च १९७२ ला, वय ३८. गीता दत्त २० जुलै १९७२ ला, वय ४१. दोघींचं यकृत गेलं होतं. बहात्तर म्हटलं की आमच्या पिढीला दुष्काळ आणि मिलोची लाल भाकर आठवते. चार महिन्यांच्या आत असे दोन जीव गेले हे त्या धामधुमीत माझ्यासारख्या शाळकरी पोरीच्या कानावर कुठून येणार. मला ते फार उशिरा कळलं.

आता 'गरीब पोरगी, रस्त्यावरून उचलली'. हे तर सरळ खोटं. गीता घोष रायचौधुरी २३ नोव्हेंबर १९३० ला फरीदपूर जिल्ह्यात जन्मली. तो भाग आज बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचं. १९४२ च्या सुमाराला कुटुंब मुंबईला आलं, दादरला राहिलं. संगीतकार हनुमान प्रसाद यांनी तिचा आवाज ऐकला आणि १९४६ च्या एका पौराणिक चित्रपटात तिला दोन ओळी दिल्या. दोनच ओळी. पुढच्याच वर्षी सचिनदेव बर्मन यांच्या 'मेरा सुंदर सपना बीत गया'नं ती घराघरात पोचली. १९५० मध्ये 'जोगन' आला, त्यातली तिची भजनं लोकांना पाठ झाली. गुरुदत्त तिला भेटला तो १९५१ मध्ये, 'बाजी'च्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला. 'बाजी' हा दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला चित्रपट. म्हणजे त्या दिवशी नावाजलेली ती होती आणि हात आजमावणारा तो. लग्न २६ मे १९५३ ला झालं. कोणी कोणाला उचललं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

'वक्त ने किया' तिनं लिहिलं, हे वाचून तर मला हसूच आलं. शब्द कैफ़ी आज़मींचे, चाल सचिनदेव बर्मन यांची, चित्रपट 'काग़ज़ के फूल', साल १९५९. पडद्यावर ते गाणं वहीदा रहमानवर आहे. गीता दत्तचं नाव घेताना लोक वहीदाचं नाव डोळे मिचकावून का घेतात हे मला माहीत आहे. गुरुदत्त आणि वहीदा यांच्या मध्ये काय होतं हे सांगायला मी तिथं नव्हते आणि मजकूर लिहिणाराही नव्हता. संसारात ताण होता, पुढे दोघं वेगळी राहू लागली, एवढं पक्कं. पण या बाईनं त्याच वहीदासाठी 'प्यासा'त 'जाने क्या तूने कही' गायलं आणि दोन वर्षांनी 'वक्त ने किया'ही गायलं. मायक्रोफोनसमोर उभी राहिली आणि काम चोख करून घरी गेली. कापूस वेचणारी बाई सातबारा कोणाच्या नावावर आहे हे बघून हात चालवत नाही. मजुरी किलोवर असते, बोंड फुटलेलं असलं की झालं. गाणाऱ्या बाईलाही कामाची तेवढी शिस्त असू शकते, हे आपल्याकडच्या लोकांना कळायला हरकत नव्हती.

दारूचा मुद्दा मी टाळणार नाही. ती प्यायची, आणि त्यानंच तिचं शरीर संपवलं. यावर प्रतिवाद नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. गुरुदत्तही प्यायचा. झोपेच्या गोळ्या आणि दारू यांनीच तो गेला. कुंदनलाल सैगल १८ जानेवारी १९४७ ला गेले, वय ४२, कारण दारूच. सैगलांचं दाखवून 'मुलांना गाणं शिकवू नका' असा एक तरी मजकूर कोणी पाठवला आहे का? त्यांच्या पिण्याला आपण हळवेपणानं 'कलावंताचं दुःख' म्हणतो. बाईच्या हातात पेला आला की तेच दुःख 'थेर' होतं. आणि हे कुठं? वर्धा जिल्ह्यात, जिथं कागदावर दारूबंदी आहे आणि नाल्याच्या काठी मोहाचा सडवा. पोलीस येऊन ड्रम उलटवतात, आठ दिवसांनी दुसरे ड्रम लागतात. ज्या गड्यांनी त्या मजकुराला अंगठ्याचा 'लाइक' दिला त्यातले किती जण संध्याकाळी कुठं सापडतात हे मी लिहीत नाही. गाव लहान आहे, नावं न लिहिताही कळतात.

आता ज्या शब्दावर माझं डोकं फिरलं त्याकडे येते. 'खाल्लं'.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या शेतकरी बापानं जीव दिला. बँकेचं कर्ज होतं, सावकाराचं वेगळं, बोंडअळीनं लागोपाठ दोन हंगाम नेले होते. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तरी तेराव्याला ओसरीवर बसलेल्या बायका काय कुजबुजत होत्या? "तिनंच खाल्लं त्याले." कारण दोन दिवस आधी नवरा-बायकोचं भांडण झालं होतं आणि ते शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. पुढे ती बाई सरकारी मदतीच्या फाइलीमागे चकरा मारत राहिली. चौकशीत कोणीतरी 'व्यसन' असा शब्द घातला आणि प्रकरण अपात्र झालं. पात्र आणि अपात्र, हे दोन शब्द आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतात. नवरा गेला तो गेला, वर दोष तिच्या पदरात. गुरुदत्तच्या मृत्यूबद्दलचं ते वाक्य वाचताना मला तीच ओसरी दिसली.

गुरुदत्त गेला १० ऑक्टोबर १९६४ ला, वय ३९. त्या रात्री तो पेडर रोडच्या फ्लॅटमध्ये एकटा होता, गीता वेगळी राहत होती. जाणूनबुजून केलं की चुकून झालं यावर त्याच्या घरच्यांमध्येही एकमत नव्हतं. त्याआधी त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केल्याचं त्याच्या जवळच्या माणसांनी सांगून ठेवलं आहे. 'काग़ज़ के फूल' पडल्यावर त्यानं पुन्हा कुठल्याही चित्रपटाला दिग्दर्शक म्हणून आपलं नाव लावलं नाही. इतका तो आतून मोडला होता. झोप नव्हती, गोळ्या होत्या, दारू होती. आज आपण याला आजार म्हणतो, आपल्या सरकारी दवाखान्यातही त्यासाठी गोळ्या मिळतात, समुपदेशक मिळतो. तेव्हा तो आजार कोणाला ओळखू आला नाही. असा माणूस गेला की त्याच्या बायकोकडे बोट दाखवणं सगळ्यात सोपं, कारण ती जिवंत असते आणि उत्तर द्यायच्या अवस्थेत नसते.

'गळा गेला' यात अर्धं खरं आहे. पन्नासच्या दशकाच्या शेवटी तिचं काम घटलं. घर सांभाळताना आणि घर तुटताना रियाज होत नव्हता, ती वेळेला मिळत नव्हती. बर्मनदा आणि ओ. पी. नय्यर दोघांकडची गाणी आशा भोसले यांच्याकडे जाऊ लागली. संगीतकारांना तारखेला गाणं हवं असतं, त्यांनाही किती दोष देणार. पण घटणं म्हणजे संपणं नव्हे. त्याच काळात, १९५८ मध्ये, नय्यरांकडचं 'मेरा नाम चिन चिन चू' तिचंच आहे. जिचा गळा गेला म्हणतात, तिनं हेलनच्या पायांना तो ठेका दिला. तिकडे बंगालीत 'हारानो सुर' या चित्रपटासाठी सुचित्रा सेनला दिलेला तिचा आवाज बंगाली माणूस आजही विसरलेला नाही. आणि सगळ्यात शेवटी, जाण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, 'अनुभव'. संगीत कनू रॉय यांचं, वाद्यं मोजकीच. 'मुझे जाँ न कहो मेरी जान' ऐका. मोबाइलवर आहे, फुकट आहे, मजकूर वाचायला लागतो तेवढाच वेळ लागतो. गळा गेलेली बाई असं गात नाही.

'लेकरं वाऱ्यावर सोडली.' तीन लेकरं होती, तरुण, अरुण आणि नीना. नवरा गेला तेव्हा धाकटी दोन वर्षांची. आईचं मन पार ढासळलं, काही काळ ती कामच करू शकली नाही, हे खरं. त्यातून उठली तेव्हा हातात पैसा नव्हता. मग काय केलं? स्टेजवर कार्यक्रम केले, दुर्गापूजेच्या बंगाली रेकॉर्डी केल्या, १९६७ मध्ये 'बधू बरन' नावाच्या बंगाली चित्रपटात नायिका म्हणून उभी राहिली. दहा वर्षांपूर्वी नवऱ्यानं तिला घेऊन 'गौरी' सुरू केला होता आणि मध्येच सोडून दिला होता. पडद्यावर यायची ती हौस अखेर गरज म्हणून पुरी झाली. ही लेकरं टाकणाऱ्या बाईची लक्षणं आहेत का? आमच्याकडे अशा बाईला 'पदर खोचून उभी राहिली' म्हणतात. पण ती आमच्या गावची असली तर.

फुटपाथचं एका ओळीत सांगते. ती दवाखान्यात गेली, आजारानं. बेवारस नव्हती.

हे सगळं मी त्या ग्रुपवर तुकड्या-तुकड्यानं टाकलं. ज्यांनी मूळ मजकूर टाकला होता त्या भाऊंचा रात्री फोन आला. "मॅडम, म्या कुठं लिवलं? म्या तं फक्त पुढं धाडलं." मी म्हटलं, मग हेही पुढं धाडा. ते "हाव" म्हणाले. अजून धाडलेलं नाही.

पोरीचे बाबा मात्र परवा स्वतः आले. बसले, चहा घेतला, बराच वेळ पावसाचं आणि तुरीचं बोलले. उठता उठता म्हणाले, "गाऊ द्या मंग. पन सिनेमाचं नाई हं मॅडम. भजन असंल तं गाऊ द्या."

तेव्हा आम्ही कबीर निवडला. 'घूँघट के पट खोल रे'. संध्याकाळी ती पोट्टी माझ्या अंगणात बसते, मी पेटी धरते. पेटीचा एक सूर चिकटतो, तो बोटानं उचलावा लागतो. बाबा कुंपणापलीकडून बैलांना पाणी दाखवता दाखवता ऐकतात आणि एकदा तर मान डोलावलेली मी पाहिली. हे भजन आम्ही कुठल्या चित्रपटातून घेतलं आणि त्यात ते कोणी गायलं आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. इथं वाचलं तर कळेलच.