पेंड उकळली म्हणजे विष गेलं, असं कुणी सांगितलं?

परवा मामाचा फोन आला. पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेली शेंगदाणा पेंडीची दोन पोती फोडली, तर आत ढेपा चिकटलेल्या, मधे हिरवट-पिवळी भुकटी आणि कोंदट वास. "काही नाही गं, मोठ्या पातेल्यात तासभर उकळतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय ना, उकळलं की बुरशीचं विष मरतं." आणि तो मेसेज त्याने मलाही पाठवला. पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी रोज हेच काम करते, तेव्हा गप्प बसणं शक्यच नव्हतं.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: बुरशी लागलेला मका-पेंड उकळा किंवा भाजा, विष निघून जातं. जनावराने खाल्लं तरी दुधात काही उतरत नाही. कंपन्या मात्र भीती घालून 'उष्णतेतही न मरणारं एंजाइम' विकतात, ते जिवंत जंतू असतात, गाईच्या पोटात वाढत राहतात आणि युरोपात त्यांच्यावर बंदी आहे.

यातलं पहिलं वाक्य माणसं मारणारं आहे, म्हणून आधी तेच घेते.

उकळल्यावर बुरशी मरते. तिने आधीच दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष मरत नाही, कारण ते जिवंत नसतंच, तो एक रेणू आहे. तो नीट मोडायला साधारण २४० अंशांच्या वर तापमान लागतं. पाणी १०० ला उकळतं, कुकरमध्ये १२० च्या आसपास जातं. पातेल्यात तास काय, दिवसभर रटरटवलं तरी तुम्ही त्या तापमानाच्या जवळपासही पोचत नाही.

पुरावा हवा असेल तर १९७४ साल बघा. राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल. अवकाळी पावसात मका भिजला, ओलाच साठवला गेला, आणि दुसरं धान्य नसल्याने आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी साचलं. ३९७ जण आजारी पडले, १०६ मेले. त्याच घरातलं अन्न खाणारी कुत्रीही तशीच मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तो मका तपासला आणि १९७५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अहवाल छापला: किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन. आज आपल्याकडे धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे ते चारशे पटींहून जास्त होतं. त्या लोकांनी मका कच्चा चावला नव्हता. दळून, रोटला करून, शेकून खाल्ला होता. मेसेज लिहिणाऱ्याने ही एक गोष्ट वाचली असती तरी पुरे होतं.

भाजण्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. शेंगदाणे खरपूस भाजले की अफ्लाटॉक्सिन थोडंफार कमी होतं. 'कमी होतं' आणि 'निघून जातं' यातला फरक गाईच्या लिव्हरला कळतो.

'दुधात उतरत नाही' हे धडधडीत खोटं आहे. गाय अफ्लाटॉक्सिनचा बी-१ हा प्रकार खाते, तिचं लिव्हर त्याचं एम-१ हे दुसरं रूप करतं, आणि खाल्ल्यापासून दिवसाच्या आत ते धारेत दिसतं. खाल्लेल्या बी-१ च्या साधारण एक-दोन टक्के, जास्त दूध देणाऱ्या गाईत त्याहूनही अधिक. २०१८ च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात एफएसएसएआयला, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेला, ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेबाहेर सापडलं. दूध तापवूनही ते जात नाही.

आता एंजाइम. बुरशीचं विष फोडायला खाद्यात घालतात ते हे प्रथिन, घडी घातलेल्या साखळीसारखं; जंतू नव्हे. त्याला पिल्लं होत नाहीत, ते पोटात वाढत नाही. उष्णतेत टिकणारं कशाला हवं? गोळी पेंड करताना भरड्याला वाफ देतात, ७० ते ९० अंश. साधं एंजाइम तिथेच उलगडतं, तव्यावर अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तसं. झिअरॅलेनोन नावाचं बुरशीविष फोडणारं झेडएचडी-१०१ हे एंजाइम एका बुरशीतच सापडलं, काम उत्तम करतं, पण उष्णतेला फार नाजूक. म्हणून संशोधक त्यातली एखाद-दोन अमिनो आम्लं बदलतात, सैल वळणं आखडतात, दोन टोकं जोडायला गंधकाच्या अणूंचा टाका घालतात, म्हणजे वाफेत घडी मोडत नाही. 'न मरणारं' म्हणजे एवढंच. कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीतलं एंजाइमही ९५ अंशांत टिकणारंच असतं, मूळचं यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं. त्याला कुणी घाबरलं नाही.

युरोपात बंदी? २०१४ मध्ये युरोपीय संघाने फ्युमोनिसिन हे आणखी एक बुरशीविष फोडणारं एंजाइम डुकरांच्या खाद्यासाठी मंजूर केलंय.

एक मात्र मेसेजवाल्याच्या बाजूचं बोलते, मनात नसताना. 'सगळ्या बुरशीविषांवर एकच एंजाइम' म्हणून पाकिटं विकणारे आहेत, आणि ते चूक सांगतात. फ्युमोनिसिनचं एंजाइम अफ्लाटॉक्सिनला हातही लावत नाही. अफ्लाटॉक्सिन फोडणारी लॅकेससारखी एंजाइमं अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत. गोठ्यात आज त्यासाठी वापरतात ती बेंटोनाइट माती. ती विष फोडत नाही, आतड्यात धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर काढते. तीही मापात. हिरव्या झालेल्या पोत्यावर शिंपडून ते पोतं चांगलं होत नाही. पाकीट घेताना कुठल्या विषावर, किती अंशांपर्यंत आणि कुठल्या जनावरात तपासलंय, हे विचारा. उत्तर नसेल तर पैसे देऊ नका.

मामा, पातेलं चुलीवरून उतरवा आणि दोन्ही पोती गोठ्यातून बाहेर काढा. ही पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दुधातलं एम-१ जवळजवळ नाहीसं होतं. तोवर ही पेंड खाल्लेल्या गाईचं दूध नातीला देऊ नका, आणि डेअरीतही घालू नका.