कोर्स लांबवा, बॉलला हात लावू नका

तुमच्याकडे शंभरेक वर्षं जुना, कोणीतरी डोकं लावून आखलेला गोल्फ कोर्स असेल आणि हल्लीची पोरं ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) घेऊन बॉल इतका लांब मारत असतील की कोर्सची पार वाट लागते, तर पहिलं काम म्हणजे शेजारची जमीन विकत घ्या. महाग पडली तर पडूदे. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबने तेच केलं, २०१७ ला शेजारच्या क्लबकडून जमीन घेतली आणि २०२३ ला १३ व्या होलची टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, मागे नेली, ५१० यार्डांचं होल ५४५ चं झालं. त्या होलची खरी गंमत दुसऱ्या शॉटला होती. होल डावीकडे वळतं, ग्रीनच्या (जिथे भोक असतं त्या हिरवळीच्या) तोंडाशी नाला, उतारामुळे बॉल पायाच्या वरच्या पातळीत, हातात लांब क्लब (म्हणजे काठी), आणि मारू की नको या विचाराने घाम फुटायचा. मग लोक वळणावरून असा काही बॉल घालायला लागले की उरलं अंतर एवढुसं, घाम कसला फुटतोय!

तिथेच १९९७ ला २१ वर्षांच्या टायगर वूड्सने १२ स्ट्रोकच्या (फटक्यांच्या) फरकाने मास्टर्स ही तिथली मोठी स्पर्धा मारली तेव्हा अख्खा कोर्स ६,९२५ यार्डांचा होता, आता ७,५५० च्या वर आहे. म्हणजे जिंकला एक पोरगा आणि वाढलं गवत. ते कापायचं, त्याला पाणी घालायचं, आणि चालायचं पण. पण तुम्ही बिल बघू नका, मेंबरशिप फी कशासाठी असते?

बंकरचं, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांचं म्हणाल, तर ते बुजवू नका. २४० यार्डांवरचे ते बंकर आता प्रो लोकांना वरून दिसतात फक्त, १९८० मध्ये प्रो लोकांच्या टूरवर ड्राइव्हची (टीवरून मारलेल्या लांब फटक्याची) सरासरी २५७ यार्डांच्या आसपास होती, आता ३०० च्या घरात आहे. पण आपल्यासारखी रविवारची गिऱ्हाइकं अजून इमानदारीत त्यातच पडतात, त्यांच्यासाठी राहूद्यात.

जमीनच नाही मिळाली? मग हद्दीबाहेर जा. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर २०१० च्या ओपन स्पर्धेसाठी १७ व्या होलची टी चक्क कोर्सच्या हद्दीबाहेर नेली. ठाण्यात सोसायटीने झाडाची कुंडी जरी गेटबाहेर ठेवली तरी पालिकेची नोटीस येते, पण ते असो. खारघरला सिडकोच्या कोर्सवर तर काय, मागे डोंगरच आहे, टी चढवत चढवत न्यायची, पावसाळ्यात धबधब्याखाली उभं राहून टी-ऑफ करायचा.

एक मात्र करू नका, बॉलबद्दल तोंड उघडू नका. रबराचे दोरे गुंडाळलेला जुना बॉल जाऊन २००० नंतर सॉलिड कोअरवाला आला, लाकडी ड्रायव्हर तर आधीच गेलेले, त्यांच्या जागी ४६० सीसीची टायटॅनियमची डोकी आली, वर जिम आणि लाँच मॉनिटर (फटका मोजणारं यंत्र), म्हणून तर बॉल एवढा लांब जातो. यातलं काहीही कमी करायचं म्हटलं की लगेच प्रगतीच्या विरोधात आहात म्हणतात. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या बिल्डिंगमध्ये क्रिकेट खेळताना बॉल डायरेक्ट तिसऱ्या मजल्याच्या वर गेला की आउट असा रूल होता, बिल्डिंग मागे सरकवा असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही, एवढे आम्ही मागासलेले.

आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये अमेरिकेतल्या मेरिऑन क्लबचं नाव तर काढूच नका. २०१३ ची यूएस ओपन तिथे झाली, कोर्स ७,००० यार्डांच्या आत, सगळे म्हणाले धुऊन काढतील, आणि जिंकणारा जस्टिन रोझ शेवटी पारच्या, म्हणजे कोर्सला ठरलेल्या फटक्यांच्या, एक वर! अरुंद फेअरवे (मधली कापलेली पट्टी), उंच रफ (कडेचं गवत), बस्स. पण यात बुलडोझरला काम नाही ना मिळत, मग आर्किटेक्टने खायचं काय.

तरीही यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी डिसेंबर २०२३ ला बॉलची टेस्ट कडक करणार असं जाहीर केलंच, काठीचं डोकं ताशी १२५ मैलांनी फिरलं तरी बॉल ठरलेल्या अंतराच्या पुढे जाता कामा नये. सगळ्यात लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड जातील, तुमचे-आमचे पाच किंवा त्याहून कमी, आणि हौशी लोकांना २०३० पर्यंत सूट. तरी बोंब सगळ्यात जास्त आपणच मारायची. आत्तापासून जुने बॉल डझनाने घेऊन ठेवा, पाच यार्ड म्हणजे काय गंमत आहे? फक्त २०३० पर्यंत पुरवायचे असतील तर ते खेळायला काढू नका, तिसऱ्या होलपर्यंत अर्धे झाडीत गेलेले असतील.