ती बघा खरुची!

शरद लागला, गवत पिवळं पडू लागलं, की पक्षिनिरीक्षक रानात जातात आणि आकाशाकडे बोट करून ओरडतात, "ती बघा!" पुढचा संवाद ठरलेला.

"कुठे?"

"अहो, त्या झाडाच्या वर."

रानात झाडांखेरीज दुसरं असतं काय?

"कोणत्या झाडाच्या?"

"हिरव्या हो!"

खरुची, म्हणजे केस्ट्रेल, हा छोटा ससाणा. वजन 200 ग्रॅमच्या आसपास. वाऱ्याकडे तोंड करून ती हवेत जागच्या जागी उभी राहते. पंख फडफडतात, शेपटीचा पंखा उघडतो-मिटतो, डोकं मात्र तसूभर हलत नाही. खाली गवतात उंदीर किंवा नाकतोडा हलला तर तो नेमका टिपता यावा, म्हणून हा सगळा खटाटोप. म्हणजे जिच्या पायाखाली काहीच नाही ती स्थिर, आणि दोन्ही पाय जमिनीत रोवून उभा असलेला मी लटपटतोय! दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण हातांची थरथरही दहापट करते, हे दुर्बीण विकणारा सांगत नाही. माझ्या दुर्बिणीतून पाहिलेल्या प्रत्येक खरुचीला हिवताप झालेला असतो.

बरं, दिसली तरी सुटका नाही. नर ओळखणं सोपं. डोकं राखाडी, शेपटी राखाडी, तिच्या टोकाशी काळा पट्टा. मादी तपकिरी, अंगभर काळ्या रेघोट्या. पण या दिवसांत यंदाची पिल्लंही उडत असतात आणि ती, मुलगा असो की मुलगी, थेट आईवर गेलेली असतात. आमच्या गटातले सर म्हणतात, "मादी." बाई म्हणतात, "पिल्लू." ती मादी पिल्लू असेल तर दोघंही बरोबर, त्यामुळे हा वाद मिटायला काही जागाच नाही. तोवर खरुची कंटाळून पुढच्या माळावर जाते.

मग येतो हॉबी. हाही छोटाच ससाणा, पण याला थांबणं माहीत नाही. उडता उडता चतुर पकडायचा, पायात धरायचा, मान खाली घालून उडता उडताच खायचा. मला चालताना पाण्याची बाटली उघडता येत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा जनुकशास्त्रज्ञांनी केला. ससाणे हे गरुड-घारींपेक्षा पोपटांच्या जवळचे आहेत, असं 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात निघालं. चोच तीच बाकदार, नखं तीच, दरारा तोच, आणि भावकी निघाली पिंजऱ्यातल्या मिठूची! सरांना हे अजून पचलेलं नाही. विषय निघाला की ते दुर्बिणीची काच पुसायला घेतात. मला मात्र खासगीत फार बरं वाटलं. एवढ्या रुबाबदार घराण्यातही सांगायला संकोच वाटावा असे नातेवाईक असतात तर.

शेवटी खरुची टप्प्याटप्प्याने खाली येते, आणखी थोडी, आणखी थोडी, आणि झपकन एका झुडपामागे पडते. तेवढ्यात सगळे फोटो काढतात. माझ्याकडे निरभ्र आकाशाचे उत्तम फोटो आहेत. एकात कोपऱ्यात ठिपका आलाय. तो मादी की पिल्लू, यावर गटात दोन मतं आहेत. पोपट, हे माझं तिसरं.