'हे सरकारचं काम आहे': गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, नमस्कार.

आपल्या प्रतिक्रियेतले मुद्दे 'आभारी आहे' म्हणून उरकण्यासारखे नाहीत, म्हणून सवडीने लिहितेय. मागची पोस्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: इथे कॅलिफोर्नियात आमच्या शेजारच्या भागातल्या एका सार्वजनिक शाळेच्या संगीतशिक्षिकेने डोनर्सचूज या संकेतस्थळावर वर्गासाठी सामान मागितलं होतं. मी त्याची लिंक दिली आणि हातभार लावा म्हटलं. त्यावर सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींनी लिहिलं: शाळा चालवणं सरकारचं काम. तुम्ही वर्गणी काढली की सरकार हात झटकतं. वर्गणी जमते तीही सधन वस्तीतच. मधले लोक आपला वाटा काढून घेतात. आणि द्यायचेच असतील तर इकडच्या शाळांना द्या, जिथे साधी पेटीसुद्धा नाही.

सरकारचं काम, हे मला पूर्ण मान्य. तरीही मी पैसे दिले. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

1978 साली इथल्या मतदारांनी प्रपोझिशन 13 (प्रपोझिशन म्हणजे थेट जनतेच्या मतदानाला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर केलं. घरपट्टी घराच्या नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर अडवली आणि घर विकलं जाईपर्यंत ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असं ठरलं. घरमालक खूश झाले. पण शाळांचा मोठा आधार तीच घरपट्टी होती. शाळेच्या खर्चाला कात्री लागली की पहिला नंबर कुणाचा लागतो, हे मी आपल्याला काय सांगणार? गणिताचा मास्तर राहतो, चित्रकलेचा जातो. पहिली ते सहावीला कला शिकवलीच पाहिजे असं कायदा सांगत राहिला, शिकवायला माणूस मात्र नाही. आपल्याकडे वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असतो आणि त्या तासाला गणितं सोडवून घेतात, तसलाच प्रकार.

मग पालकांनी शाळेसाठी देणग्या गोळा करणारी फाउंडेशनं काढली. आपण म्हणता तो सधन वस्तीचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू पडतो. काही श्रीमंत शहरांत दर मुलामागे हजार डॉलर किंवा त्याहून जास्त 'ऐच्छिक' देणगी मागतात आणि त्यातून कलाशिक्षकांचे पगार निघतात. हमरस्ता ओलांडला की पुढच्या शहरात ना फाउंडेशन, ना शिक्षक. दोन्ही शाळा म्हणे सार्वजनिकच! असल्या वर्गणीला मी कधी पैसे दिलेले नाहीत आणि देणारही नाही. पगार हा कायमचा खर्च आहे, तो करातूनच निघाला पाहिजे. पालकांच्या मर्जीवर उभी केलेली नोकरी पुढच्या मंदीत जाते, आणि वर्गणीने सगळं भागतंय म्हटल्यावर कराची मागणी कुणी करत नाही. सरकार हात झटकतं, ते अशा ठिकाणी.

पण ही शिक्षिका वर्गणीतून आलेली नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये इथे प्रपोझिशन 28 मतदानाला होतं, आणि साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. शाळांवरच्या राज्याच्या खर्चाच्या एक टक्का इतकी जादा रक्कम दरवर्षी फक्त कलाशिक्षणासाठी काढून ठेवायची. पहिल्या वर्षी, 2023-24 मध्ये, ती जवळपास 94 कोटी डॉलर होती. 500 किंवा त्याहून जास्त पट असलेल्या शाळाजिल्ह्यांनी (म्हणजे इथल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांनी) त्यातले किमान 80 टक्के माणसं नेमण्यावरच खर्च करायचे असं बंधन आहे. शिवाय आधीचा कलेवरचा खर्च कमी करून त्या खड्ड्यात हे पैसे टाकायचे नाहीत, असंही कलम आहे. या पैशातून ही बाई नेमली गेली. आठवड्यात तीन शाळा सांभाळते.

आता तिने मागितलं काय, तर रीड. क्लॅरिनेटच्या मुखाला बोरूसारख्या गवताची एक पातळ पट्टी बांधतात, आवाज तिच्या थरथरण्यातून निघतो. पाचवीतल्या पोराच्या तोंडी ती फार दिवस टिकत नाही. टोक चिरतं आणि वाद्य किंचाळायला लागतं. एकाची उष्टी रीड दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून प्रत्येकाला वेगळ्या लागतात. दहा-दहाच्या खोक्यांत मिळतात. वाद्यं कपाटात होती, बाई आल्या, पण 80 टक्के पगारात गेल्यावर उरलेल्यात वर्षानुवर्षं पडून असलेल्या वाद्यांची दुरुस्ती कशीबशी भागली. रीडसाठी पुढच्या वर्षीच्या तरतुदीची वाट बघायची म्हटलं, तर ही पोरं तोवर सहावीत, दुसऱ्या शाळेत गेलेली असतील. तेवढ्या फटीसाठी मी पैसे दिले.

मधल्या लोकांच्या वाट्याबद्दल. डोनर्सचूज 2000 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या चार्ल्स बेस्ट नावाच्या इतिहासाच्या शिक्षकाने सुरू केलं. शिक्षकाच्या हातात रोकड पडत नाही. संस्था सामान विकत घेऊन शाळेच्या पत्त्यावर पाठवते. मागणीच्या पानावर वस्तूंची किंमत, पाठवणावळ, विक्रीकर, पैसे भरण्याचं शुल्क, सगळं वेगवेगळं दाखवतात. शाळेत अल्प उत्पन्न घरांतली मुलं किती, तेही तिथेच कळतं, म्हणून सधन वस्ती टाळता येते. संस्थेच्या स्वतःच्या खर्चासाठी देणगीतले 15 टक्के सुचवलेले असतात. ते ऐच्छिक आहेत, शून्यावर आणता येतात. (मी आणत नाही. ऑफिसात बसून हिशेब ठेवणाऱ्यालाही पोट असतं.) मुदतीत रक्कम पुरी झाली नाही तर आपले पैसे दुसऱ्या वर्गाकडे वळवता येतात.

आपल्या बाजूचा एक दाखला मीच देते. मार्च 2018 मध्ये रिपल नावाच्या कंपनीने त्या संकेतस्थळावरच्या तेव्हाच्या सगळ्या, म्हणजे 35 हजारांहून जास्त मागण्या एका फटक्यात पुऱ्या केल्या. 2 कोटी 90 लाख डॉलर. भरपूर टाळ्या पडल्या. यादी पुन्हा भरली. ती भरणारच होती.

म्हणून गुरुजी, दान की कर हा वाद मला पटत नाही. ओरेगनमधल्या पोर्टलंडने 2012 साली प्रौढ माणशी 35 डॉलर कलाकर मतदानाने लावून घेतला, प्राथमिक शाळांतल्या कलाशिक्षकांसाठी. लोक दरवर्षी त्याच्या नावाने खडे फोडतात, आणि शिक्षकांचे पगार त्यातून होतात. कर लागला म्हणजे झोपता येतं असंही नाही. प्रपोझिशन 28 ज्यांनी पुढे आणलं ते ऑस्टिन ब्यूटनर लॉस एंजेलिसच्या शाळांचे माजी प्रमुख. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी आणि काही पालकांनी त्याच शाळाजिल्ह्यावर खटला भरला. नव्या पैशांतून आधीपासून असलेल्या शिक्षकांचेच पगार भागवले, असा आरोप. शाळाजिल्ह्याने तो नाकारला. माझ्या अनुभवात शाळामंडळाच्या सभेत उठून कलेच्या खर्चाचा अहवाल मागणारे बहुतेक तेच असतात, ज्यांनी कधीतरी रीडसाठी वीस डॉलर दिलेले असतात.

राहिली आपली पेटी. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलेसाठी अंशकालीन निदेशक (म्हणजे अर्धवेळ शिकवणारा) आहे, पण सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच. वाडीवरच्या वीस पटाच्या शाळेला त्यातून काहीच नाही. निदेशकांच्या मानधनाची रडकथा आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

'तिकडून पाठवा' म्हणणं सोपं, पण त्यातही गोम आहे. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यामुळे मी स्वतःच्या बचतीतून दिलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही. नवऱ्याने इथलं नागरिकत्व घेतलंय. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी त्याचा पैसा परदेशी ठरतो. तो एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत जमा व्हावा लागतो, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून त्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणजे इथल्या मंडळींनी एकत्र वर्गणी काढून थेट शाळेला पाठवणं बसत नाही. माझ्या एकटीच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचं भारतातल्या बँकेतलं खातं) मात्र पेटी नक्की होईल.

फक्त शिकवणार कोण, ते आधी कळवा. पगार मी इथेही देत नाही, तिथेही देणार नाही. भजनी मंडळातले कुणी आठवड्याला दोन तास यायला राजी असतील, तर शाळा व्यवस्थापन समितीचा तसा ठराव करून घ्या आणि त्याचा फोटो पाठवा. पेटी शाळेच्या नावावर, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या नोंदवहीत, चढवलेली हवी, म्हणजे मुख्याध्यापक बदलून गेले तरी ती शाळेतच राहील. साताऱ्यात किंवा मिरजेत दुकानदार आपल्या ओळखीचा असेल तर कोटेशन त्याच्याकडूनच घ्या, जीएसटीसकट.